दहावीला कमी, बारावीला जास्त. प्रवेशाला काय धरतात?

वडगाव मावळ : "दहावीला कमी पडले, आता बारावीला चांगले पडतील. पण जुना निकाल आडवा येईल का?" हा प्रश्न बऱ्याच पालकांना पडतो.

थोडक्यात उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही. अकरावी आणि डिप्लोमाला दहावीचे गुण धरतात. बीए, बीकॉम, बीएस्सीला बहुतेक ठिकाणी बारावीचे. अकरावीत घसरलात तरी ते गुण मोजले जात नाहीत. पण 'हळूहळू सुधारला' म्हणून कुणी जादा गुणही देत नाही. अमेरिकेत कॉलेजं चार वर्षांची चढ-उतार बघतात, आपल्याकडे शेवटचा निकाल बघतात.

इंजिनिअरिंगची यादी सीईटीवर लागते. म्हणून बारावी सोडून देऊ नका! भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या गटाला 45 टक्के, राखीव गटाला 40 टक्के लागतातच. सीईटीत कितीही चांगला स्कोअर आला तरी याला सूट नाही.

पास झालात पण गुण कमी वाटतात? राज्य मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. पुढच्या ठरावीक परीक्षांना पुन्हा बसता येतं. अर्ज आपल्या शाळा-कॉलेजमार्फत भरायचा. गुण वाढले नाहीत तर आधीचा निकाल कायम राहतो.

दहावीनंतर डिप्लोमा केला, तर त्यातल्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे दहावीत मागे पडलेल्याला दार बंद नाही.

फक्त एक लक्षात ठेवा : नोकरीच्या वेळी काही कंपन्या दहावी-बारावी दोन्हींचे टक्के विचारतात.