वेम्ब्ली भरतं, घरात मात्र सामसूम

लंडन : 21 सप्टेंबर 2024 च्या रात्री वेम्ब्ली स्टेडियममध्ये अँथनी जोशुआ आणि डॅनियल डुब्वा यांची लढत पाहायला 96,000 माणसं जमली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बॉक्सिंगला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. डुब्वानं पाचव्या फेरीत जोशुआला लोळवलं. पुढच्या आठवड्यात मी केस कापायला गेलो होतो. न्हाव्याच्या दुकानात इथं हवामान आणि फुटबॉल हे ठरलेले विषय. मी मुद्दाम या लढतीचा विषय काढला. निकाल सगळ्यांना ठाऊक होता, पण लढत एकानंही पाहिली नव्हती. ‘पैसे भरावे लागतात ना’, न्हावी म्हणाला आणि पुन्हा फुटबॉलकडे वळला.

ब्रिटनमध्ये बॉक्सिंग ओसरत चाललंय का, असा वाद इथं अधूनमधून उठतो. एक पक्ष वेम्ब्लीच्या गर्दीकडे बोट दाखवतो आणि वाद मिटला असं समजतो. मला ते पटत नाही. त्या रात्रीच्या 96,000 माणसांइतकंच त्या न्हाव्याच्या दुकानातल्या चार जणांचं म्हणणंही महत्त्वाचं आहे. खेळ किती लोक विकत घेतात आणि किती लोकांच्या तो अंगवळणी पडलेला असतो, या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये पहिली वाढली आणि दुसरी आटली.

अंगवळणी पडलेला म्हणजे कसा, ते सांगतो. 8 जून 1985 ला लंडनच्या लॉफ्टस रोड मैदानावर बॅरी मॅकग्विगननं पनामाच्या एउसेबिओ पेद्रोसाला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवून जगज्जेतेपद मिळवलं. बीबीसीवर ही लढत पाहणाऱ्यांचा आकडा दोन कोटींच्या जवळपास सांगितला जातो. म्हणजे देशातला जवळजवळ दर तिसरा माणूस! उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा बॉम्ब फुटत होते. मॅकग्विगन सीमेपलीकडच्या क्लोन्स गावचा कॅथलिक, बायको प्रोटेस्टंट. ब्रिटिश किताबासाठी लढता यावं म्हणून त्यानं ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं, तरी रिंगमध्ये येताना त्यानं ना ब्रिटिश झेंडा मिरवला, ना आयरिश. शांततेचं चिन्ह असलेला निळा झेंडा घेऊन तो यायचा. त्याचे वडील गायक. लढतीआधी ते रिंगमध्ये उभे राहून ‘डॅनी बॉय’ गायचे आणि एकमेकांवर दगड उचलणाऱ्या वस्त्यांमधली माणसं एका सुरात गायची. त्या वर्षीचा बीबीसीचा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

या मानाविषयी थोडं सांगायला हवं. दर डिसेंबरात बीबीसी हा सोहळा करते आणि प्रेक्षक मतं देतात. लोकांच्या मनात कोण आहे, याचा हा साधा, बराचसा खरा अंदाज असतो. हेन्री कूपरला हा मान 1967 आणि 1970 असा दोनदा मिळाला. कूपर जगज्जेता कधीच झाला नाही. 1963 साली वेम्ब्लीवर त्यानं डाव्या हाताच्या ठोशानं कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा महंमद अली, याला खाली बसवलं, पण लढत हरला. 1966 मध्ये पुन्हा हरला. तरी तो सगळ्यांचा ‘आपला हेन्री’ होता. 1999 मध्ये लेनॉक्स लुईस आणि 2007 मध्ये जो कॅल्झागी यांनी हा मान मिळवला. कॅल्झागीनंतर एकाही बॉक्सरला तो मिळालेला नाही. 2017 मध्ये जोशुआनं वेम्ब्लीवर 90,000 लोकांसमोर व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं, रिंगमधल्या त्या दशकातल्या सर्वांत थरारक लढतींपैकी एक लढत. डिसेंबरात मतं मोजली तेव्हा जोशुआ पहिल्या तिघांतही नव्हता. बीबीसीच्या प्रेक्षकानं ती लढत पाहिलीच नव्हती, मत कशाच्या जोरावर देणार?

फुकट टीव्ही सुटण्याचं हे वळण आलं 1996 मध्ये. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत मोठ्या लढती आयटीव्हीवर फुकट दिसत होत्या. नायजेल बेन आणि ख्रिस युबँक यांनी 1993 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर बरोबरीत सोडवलेली लढत शनिवारी रात्री घराघरांत पाहिली गेली. मग 16 मार्च 1996 ला फ्रँक ब्रुनो आणि माइक टायसन यांची लढत आली. एका लढतीसाठी वर्गणीशिवाय वेगळे पैसे मोजायचे, हा प्रकार ब्रिटननं तेव्हा पहिल्यांदा पाहिला. लास व्हेगासमध्ये ब्रुनो तिसऱ्या फेरीतच संपला, पण पैसे वसूल होतात हे प्रवर्तकांना कळलं. आज अशा एका रात्रीला साधारण 20 ते 25 पौंड पडतात. ज्याला या खेळाचं वेड आहे तो भरतो. ज्याला जेवणाच्या टेबलावर बसल्या बसल्या वेड लागलं असतं, तो दुसरं काहीतरी पाहतो. नवा रसिक तयार होतो तो अशा सहज पाहण्यातून. ते दार बॉक्सिंगच्या धुरिणांनी आपल्या हातानं लावून घेतलं, आणि ही त्यांची सर्वांत मोठी चूक आहे असं मी मानतो.

अलीकडच्या एका मोठ्या गर्दीचं रहस्यही तिथंच आहे. 26 एप्रिल 2025 ला टॉटनहॅमच्या स्टेडियममध्ये साठ हजारांहून जास्त लोक जमले ते युबँक आणि बेन यांची लढत पाहायला. वडिलांची नव्हे, मुलांची. ख्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन यांची लढत 2022 मध्येच व्हायची होती; बेनच्या उत्तेजक चाचणीचा निकाल प्रतिकूल आला आणि ती बारगळली. एवढं होऊनही अडीच वर्षांनी तिकिटं संपली. एप्रिलमध्ये युबँक जिंकला, नोव्हेंबरच्या परतीच्या लढतीत बेन. दोघांपैकी कोणीही जगज्जेता नव्हता. लोक आले ते आडनावांसाठी, आणि ती आडनावं घरोघर पोचली होती फुकट दिसणाऱ्या टीव्हीमुळे. आजचा बाजार तीस वर्षांपूर्वीच्या पुंजीवरच्या व्याजावर चालला आहे. नव्या पुंजीत भर घालायला फारसं कुणी तयार नाही. 2025 च्या अखेरीस बीबीसीनं पुन्हा बॉक्सिंग दाखवायला सुरुवात केली, ही त्या दृष्टीनं मला खरोखर चांगली बातमी वाटते.

टॉटनहॅमच्या त्या जागेला दुसरीही एक आठवण आहे. तिथंच पूर्वी व्हाइट हार्ट लेन हे जुनं मैदान होतं. 21 सप्टेंबर 1991 ला तिथं थोरल्या युबँकशी लढताना मायकेल वॉटसनच्या मेंदूत रक्तस्राव झाला. रिंगजवळ पुरेशी वैद्यकीय तयारी नव्हती आणि योग्य उपचार सुरू होईपर्यंत मोलाचा वेळ गेला. वॉटसन चाळीस दिवस बेशुद्ध होता. पुढं त्यानं ब्रिटिश बॉक्सिंग नियामक मंडळावर दावा लावला आणि जिंकला. भरपाईच्या बोज्यानं मंडळाला लंडनमधली आपली वास्तू विकून वेल्समध्ये कार्डिफला बिऱ्हाड हलवावं लागलं. 2003 मध्ये वॉटसननं लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालून पूर्ण केली. शेवटच्या टप्प्यात युबँक त्याच्या सोबतीला होता. आज रिंगजवळ भूलतज्ज्ञ, रुग्णवाहिका आणि बॉक्सरच्या मेंदूची नियमित तपासणी असते, ती बरीचशी वॉटसनच्या दाव्यामुळे.

तरीही मृत्यू थांबलेले नाहीत. मे 2024 मध्ये लंडनच्या हॅरो भागात एक तरुण आपल्या पहिल्याच व्यावसायिक लढतीत कोसळला आणि गेला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन 1980 च्या दशकापासून बॉक्सिंगवर बंदी मागते आहे. त्याच्याही आधी, 1950 च्या दशकात, डॉक्टर असलेल्या मजूर पक्षाच्या खासदार एडिथ समरस्किल यांनी संसदेत आणि बाहेर मोहीम चालवली होती. बंदी आली नाही, पण शाळांमधलं बॉक्सिंग पुढच्या काळात आटत गेलं. एके काळी कामगारवस्तीतल्या शाळांपासून खानदानी बोर्डिंग शाळांपर्यंत मुलं ग्लोव्हज घालायची. डोक्याच्या दुखापतींबद्दल आता रग्बीतही धास्ती आहे, मग बॉक्सिंगला मुलगा पाठवणारे आईबाप कमी झाले यात नवल नाही. त्यांची भीती मला रास्त वाटते.

मग बॉक्सिंगकडे येतं कोण? जे पूर्वी येत होते तेच : ज्यांना या देशात अजून जागा करायची आहे, ते. बेथ्नल ग्रीन या पूर्व लंडनच्या वस्तीत ट्यूब स्टेशनजवळ पॅराडाइज रो नावाची छोटी गल्ली आहे. तिथल्या एका घरावर निळी पाटी आहे डॅनियल मेंडोझाची. 1790 च्या दशकातला हा ज्यू विजेता. ठोसे खात उभं राहण्याच्या काळात पाय हलवून ठोसे चुकवायची कला त्यानं रुजवली. त्याच्यानंतर आयरिश आले, कॅरिबियन आले. काळ्या बॉक्सरांना ब्रिटिश किताबासाठी लढायची बंदी होती ती 1948 मध्ये डिक टर्पिननं मोडली. तीन वर्षांनी त्याच्या धाकट्या भावानं, रँडॉल्फनं, लंडनमध्ये शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. येमेनी वंशाचा नसीम हमीद शेफील्डचा, पाकिस्तानी वंशाचा आमिर खान बोल्टनचा. आमिरनं अथेन्स ऑलिंपिकचं रौप्य मिळवलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

आणि आता मुली. 1998 मध्ये जेन काउचला व्यावसायिक परवान्यासाठी मंडळाविरुद्ध भेदभावाची लढाई लढावी लागली होती. 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचं बॉक्सिंग प्रथमच आलं आणि लीड्सच्या निकोला अ‍ॅडम्सनं पहिलं सुवर्ण घेतलं. भारतीयांना ती आठवेल ती उपांत्य फेरीतली : आपली मेरी कोम हरली ती तिच्याशीच. ऑक्टोबर 2022 मध्ये लंडनच्या ओटू सभागृहात एका रात्री सगळ्या लढती स्त्रियांच्याच होत्या आणि सभागृह भरलं होतं. तालमींमध्ये आज मुली दिसतात, पोट कमी करायला पंचिंग बॅगवर घाम गाळणारे कारकून दिसतात. त्यातले बरेच जण कधी लढणार नाहीत, पण त्यांच्या फीवर तालीम तगते आणि लढणाऱ्या पोरांना जागा मिळते.

पॅराडाइज रोपासून चालत पाच-सात मिनिटांवर यॉर्क हॉल आहे. 1929 मध्ये सार्वजनिक स्नानगृह म्हणून बांधलेली ही इमारत आता ब्रिटिश बॉक्सिंगची पंढरी मानली जाते. हजार-बाराशे माणसं मावतात, वर सज्जा, आणि रिंग इतकी जवळ की ठोशाचा आवाज ऐकू येतो. इथलं अर्थकारण वेगळंच. उगवत्या बॉक्सरनं आपली तिकिटं स्वतःच खपवायची : भाऊबंद, शेजारी, कामावरचे दोस्त. त्यातून प्रतिस्पर्ध्याचं मानधनही निघायला हवं. समोरच्या कोपऱ्यात असतो तो ‘जर्नीमन’. अनुभवी माणूस, पोराला शिकवतो, दमवतो, शक्यतो दुखापत न होऊ देता गुणांवर हरतो आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावी उभा राहतो. बर्मिंगहॅमचा पीटर बकली अशा 300 लढती लढून 2008 मध्ये निवृत्त झाला. त्यातल्या 256 तो हरला होता. या माणसांविना एकही जगज्जेता घडत नाही, हे तिथल्या प्रेक्षकाला ठाऊक असतं. शेवटच्या घंटेनंतर मी तिथं हरणाऱ्यासाठी टाळ्या ऐकल्या आहेत.

मोठा पैसा मात्र या बाजूला फिरकत नाही. टायसन फ्युरी हा मँचेस्टरचा माणूस, पण ओलेक्सांद्र उसिकशी 2024 मध्ये तो दोन्ही वेळा रियाधमध्ये लढला. सुरुवातीला सांगितलेली वेम्ब्लीची विक्रमी रात्रही सौदी पैशावर, ‘रियाध सीझन’च्या नावाखाली झाली. शिखरावर एवढा पैसा असताना त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या बॉक्सिंग संघाला मिळालं एक कांस्य. टोकियोत सहा पदकं होती.

माझा निर्वाळा असा : ब्रिटिश माणसाचं बॉक्सिंगवरचं प्रेम मेलेलं नाही, त्याची रोजची गाठभेट तुटली आहे. शिखरावर पैसा आहे आणि तळाशी स्वतःची तिकिटं खपवणारी पोरं आहेत. मधला जो फुकट पाहणारा, आवडीनं बोलणारा मोठा समाज होता, तो पांगला.

तुमचं लंडनला येणं झालं, तर वेम्ब्लीच्या तिकिटामागे धावू नका. सेंट्रल लाइननं बेथ्नल ग्रीनला उतरा, मेंडोझाची पाटी पाहा आणि यॉर्क हॉलवर त्या संध्याकाळी लढती असतील तर सज्ज्यातली जागा घ्या.