वाळूच्या राशीचे गणित

म्हैसूरच्या पूर्वेस कावेरीकाठी तलकाड हे गाव आहे. एके काळी ही गंग राजांची राजधानी होती. आज तेथील कित्येक मंदिरे वाळूच्या टेकड्यांनी वेढलेली आहेत. अलमेलम्माच्या शापाने हे नगर वाळूत गेले, असे लोककथा सांगते. शाप बाजूस ठेवला, तरी वाळूची रास चालते कशी, हा प्रश्न उरतोच.

वाऱ्याने उचललेले कोरडे कण सौम्य उतारावरून उड्या घेत माथ्यावर येतात व पलीकडे साचतात. पलीकडची बाजू सुमारे ३४ अंशांपर्यंत उभी झाली, की ती घसरते आणि टेकडी थोडी पुढे सरकते. हा उतार कोणी ठरवून दिलेला नसतो. रास तो आपण होऊन गाठते.

याच गोष्टीचे गणित १९८७ साली बाक, टांग व वीसेनफेल्ड या तीन शास्त्रज्ञांनी मांडले. बुद्धिबळाच्या पटासारखा एक पट कल्पावा. त्यावर एकेक कण टाकीत जावे. एखाद्या घरात चार कण जमले, की ते शेजारच्या चार घरांत एकेक जातात. कडेचे कण पटाबाहेर पडतात. काही काळाने पट अशा अवस्थेस येतो, की पुढच्या कणाने काहीच हलणार नाही किंवा सारा पट ढवळून निघेल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० साली या खेळातील मर्म दाखविले. दुकानदाराने आकडे कोणत्याही क्रमाने मिळविले तरी बेरीज एकच येते; तद्वत भरलेली घरे कोणत्याही क्रमाने रिती केली, तरी अंतिम मांडणी एकच राहते. त्यामुळे अवघड वाटणारी गणिते सुटू लागली. २०२२ साली त्यांना बोल्ट्झमान पदक मिळाले.

खरी वाळू मात्र इतकी आज्ञाधारक नाही. घसरताना ती वेग घेते. १९९६ साली नॉर्वेत लांबट तांदळाच्या राशीवर प्रयोग झाले, तेव्हा हे गणित बरेचसे जुळले.

भूकंपांतही लहान धक्के पुष्कळ व मोठे विरळ, असे प्रमाण आढळते. १९६७ सालच्या कोयनेच्या भूकंपाचा दिवस आधी कोणास सांगता आला नव्हता. कोणत्या कणाने कडा ढासळेल हे सांगता येत नाही. परंतु रास सीमेवर आली आहे, हे ओळखून घरे भक्कम बांधता येतात. शेवटच्या कणास दोष देण्यापेक्षा ते अधिक हिताचे होय.