बिब्बा : शब्द व लोकप्रतिमा

बिब्बा : (बिबवा, बिबा, सं. भल्लातक, अरुष्कर, हिं. भिलावा). आम्र-कुलातील सेमेकार्पस ॲनाकार्डियम या शास्त्रीय नावाच्या पानझडी वृक्षाचे फळ. काजू व आंबा हे याच कुलातील वृक्ष होत. परिटाची खूण, दृष्टीवरील तोडगा, घरगुती औषध, एक नित्याचा वाक्प्रचार आणि पुण्यातील बिबवेवाडीसारखे स्थलनाम अशा अनेक रूपांनी हे फळ मराठी लोकजीवनात वावरत आले आहे. ही रूपे वरकरणी परस्परांपासून दूरची वाटली, तरी त्यांचे मूळ फळाच्या एकाच गुणधर्मात आहे : त्याचा रस कातडीला भाजतो आणि कापडावर न पुसला जाणारा काळा डाग पाडतो.

फळाचे स्वरूप : पक्व फळ सु. २·५ सेंमी. लांब, काहीसे चपटे, काळे व तुळतुळीत असते. ते नारिंगी रंगाच्या मांसल देठावर बसलेले असते. या देठास ‘बिब्ब्याचे फूल’ म्हणतात व तो वाळवून खातात. आतील बी म्हणजे गोडंबी. ती गोड व पौष्टिक असून लाडूंत व अन्य मिष्टान्नांत घालतात. या दोन खाद्य भागांच्या मध्ये असलेल्या कवचात मात्र दाहक तेल असते. त्यातील भिलावनॉल हे द्रव्य हवेच्या संपर्काने काळे पडते आणि त्वचेवर लागल्यास लाली, खाज, सूज व फोड निर्माण करते. यालाच ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. एकाच फळात गोडी व दाह यांचे असे सान्निध्य असल्यामुळे लोकांच्या मनात त्याविषयी ओढ व धास्ती या दोन्ही भावना रुजल्या.

नावे : संस्कृतातील ‘अरुष्कर’ म्हणजे व्रण उत्पन्न करणारा, ‘अग्निमुख’ या दुसऱ्या नावातही दाहकताच सूचित होते. सेमेकार्पस हे वंशनाम ‘खूण’ व ‘फळ’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून बनले आहे. अशा प्रकारे भारतीय नावांनी फळाचा दाह टिपला, तर पाश्चात्त्य नावाने त्याचा डाग टिपला. अरबीत हे फळ ‘बलाधुर’ नावाने ओळखले जाई आणि ते स्मरणशक्ती वाढविते, अशी समजूत होती. नवव्या शतकातील प्रसिद्ध इतिहासकार अल्-बलाधुरी (मृत्यू ८९२) याचे नाव याच फळावरून पडले, असे परंपरा सांगते. या फळाच्या अतिसेवनाने त्याला बुद्धिभ्रंश झाला, अशी आख्यायिका आहे. काही जण ती त्याच्या आजोबांविषयी सांगतात.

खूण व डाग : परीट सुईने फळ टोचून तिच्या टोकाने कपड्याच्या कोपऱ्यावर मालकाची खूण काढीत आणि तीवर चुना लावून ती पक्की करीत. धुलाईने कपडा विटला, तरी खूण जात नसे. ही खूण अंगाला बाधू शकते, याचा प्रत्यय दुसऱ्या महायुद्धात आला. भारतात असलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर चट्टे उठू लागले. कपड्यावरील परिटाची खूण जेथे त्वचेला टेके, नेमके तेथेच ते उठत. अमेरिकन सैनिकी वैद्यांनी १९४३ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले.

डागाचा उपयोग कपटासाठीही झाला. मारहाणीचा खोटा आरोप करण्यासाठी अंगावर बिब्ब्याचा रस लावून वळ उठविल्याची उदाहरणे भारतीय न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत दिलेली असतात. असा वळ ओळखता येतो. त्याच्या कडेने बारीक फोड असतात, त्याला खाज सुटते आणि खाजविणाऱ्याच्या बोटांवर व अंगावर इतरत्रही तशाच खुणा उमटतात.

वाक्प्रचार : ‘बिब्बा घालणे’ म्हणजे चाललेल्या कामात विघ्न आणणे, जुळत आलेली गोष्ट बिघडविणे. ठरत आलेले लग्न, होऊ घातलेली तडजोड किंवा दोघांमधील सलोखा कोणी मोडला, की त्याने ‘बिब्बा घातला’ असे म्हटले जाते. विघ्नवाचक अन्य वाक्प्रचारांहून याची छटा वेगळी आहे. ‘खोडा घालणे’ यात काम अडते. तर ‘बिब्बा घालणे’ यात ते नासते. थोडासा रस पुष्कळ भागात पसरावा व त्याचा डाग निघू नये, तसा परिणाम या शब्दांतून सूचित होतो. राजकीय वृत्तांतांतही हा वाक्प्रचार वरचेवर आढळतो. ज्या वाचकांनी हे फळ कधी पाहिलेले नाही, त्यांनाही त्याचा अर्थ उमगतो.

दृष्ट व तोडगे : लिंबू, मिरच्या व बिब्बा एका दोऱ्यात ओवून दुकानाच्या, घराच्या किंवा वाहनाच्या दर्शनी भागी टांगण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते, काही ठिकाणी त्यांच्या जोडीला कोळसाही असतो. मुलांच्या मनगटाला किंवा पाळण्याला काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधतात. आंबट, तिखट, दाहक व काळे असे पदार्थ एकत्र येऊन वाईट दृष्टीला परतवितात, ही त्यामागील कल्पना होय. जे फळ भाषेत विघ्नाचे चिन्ह ठरले, तेच आचारात विघ्ननिवारक मानले गेले. असे साम्य अन्यत्रही दिसते. चीनमध्ये सप्ताळू म्हणजेच पीच हे फळ दीर्घायुष्याचे प्रतीक असून त्याच्या लाकडाच्या पट्ट्या अनिष्टनिवारणासाठी नववर्षाला दारावर लावीत. मात्र सप्ताळूची प्रतिमा मुळातच मधुर आहे. इंग्रजी बोलीत एखाद्या व्यक्तीला पीच म्हणणे ही प्रशंसा ठरते. बिब्ब्याच्या वाट्याला असे कौतुक आले नाही. त्याचे रक्षकपण त्याच्या धाकातून आले आहे.

दृष्ट लागण्याच्या समजुतीला व तीवरील तोडग्यांना शास्त्रीय आधार नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा समजुतींविरुद्ध लोकशिक्षण केले आहे. अखंड फळ टांगल्याने सहसा अपाय होत नाही. तथापि मुलाने ते चावल्यास अथवा ते फुटून रस अंगावर आल्यास गंभीर दाह होऊ शकतो.

औषधी वापर : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनप्रकरणी भल्लातकाचे अनेक प्रयोग सांगितले आहेत. तेथे त्याची तीक्ष्णता अग्नीसारखी मानली असून विधिपूर्वक वापर केल्यास ते अमृततुल्य ठरते, असा अभिप्राय आहे. वापरापूर्वी विटेच्या चुऱ्यात घोळवून त्याची शुद्धी करण्याची रीत आहे. घरगुती उपचारांत ही सावधगिरी राहत नाही. काटा मोडलेल्या पायाला तापविलेल्या बिब्ब्याचा चटका देणे, सुईला टोचलेले फळ दिव्यावर धरून त्याचे टपकणारे तेल दुधात घेणे, असे उपाय ग्रामीण भागात रूढ होते. सुया, दाभण, मणी व शिकेकाई यांबरोबर बिब्बे विकणाऱ्या फिरत्या स्त्रियांमुळे हे फळ घरोघरी पोहोचे. अशा उपचारांनी त्वचेला जखमा होतात. पोटात घेतल्यास अंतर्गत इंद्रियांनाही इजा पोहोचू शकते. म्हणून तज्ञांच्या देखरेखीवाचून त्याचा वापर करू नये.

गोडंबीचा व्यवसाय : विदर्भ व मराठवाड्याच्या काही भागांत बिब्बे फोडून गोडंबी काढण्याचे काम प्रामुख्याने गरीब कुटुंबांतील स्त्रिया करतात. फळ दगडावर ठेवून फोडताना तेल हातांवर व तोंडावर उडते. हातांना राख वा गोडे तेल लावले, तरी बोटे काळी पडतात आणि कातडी सोलवटते. बाजारात गोडंबी सुक्या मेव्याच्या भावाने विकली जाते. तिच्या किमतीत या इजेचा हिशेब सहसा धरलेला नसतो. बिब्ब्याची खूण आज सर्वांत ठळकपणे उमटते, ती या हातांवर.

स्थलनाम : बिबवेवाडी हे पुणे शहराच्या दक्षिण भागातील उपनगर गुलटेकडीच्या मार्केट यार्डाला लागून आहे. ‘बिबवे’ हे ‘बिबवा’ या शब्दाचे अनेकवचन असून ते आडनावही आहे. त्यामुळे या नावाची उपपत्ती दोन प्रकारे लागते. आंबेगाव व जांभूळवाडी या जवळच्या गावांप्रमाणे ते वृक्षावरून पडले असावे. किंवा येवलेवाडी व भिलारेवाडी यांप्रमाणे ‘बिबवे’ आडनावाच्या लोकांची वाडी असा त्याचा अर्थ असावा. दुसरी उपपत्ती स्वीकारली, तरी आडनावाच्या मुळाशी फळाचे नाव राहतेच. शहराच्या वाढीबरोबर जुन्या वाडीभोवती दाट वस्ती, गृहसंस्था व बाजारपेठ उभी राहिली.

धुलाईच्या बदललेल्या पद्धतींमुळे परिटाची खूण मागे पडली आणि आधुनिक औषधांमुळे घरगुती बिब्ब्याची गरज उरली नाही. आजच्या शहरी मराठी माणसाला हे फळ बहुधा दारावरील दोऱ्यातच दिसते. फळाची ओळख अशी पुसट होत असली, तरी वाक्प्रचारात व गावाच्या नावात त्याचा शब्द टिकून आहे.