पायाखालचा सूर

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपतीच्या आधी महिनाभर त्यांची तालीम चिंचवडला आमच्या गच्चीवर चालते. यंदा त्याच्या पायाशी साबणाच्या डबीएवढी एक धातूची डबी दिसली. एका बाजूने गिटारची वायर आत गेलेली, दुसऱ्या बाजूने निघून स्पीकरकडे गेलेली.

"मामू, ऐका," असं म्हणून त्याने एक तार छेडली आणि पायाने डबीवरचा खटका दाबला. सूर तोच, पण तो आता जागेवर राहीना. जणू कुणी दार हळूहळू उघडतंय, मिटतंय आणि आतलं गाणं कधी मोकळं, कधी पोकळ ऐकू येतंय. या डबीला फेझर म्हणतात.

मी कवितेचा माणूस. विजेशी माझा संबंध दिव्याच्या बटणापुरता. तरी तो आवाज मला ओळखीचा वाटला. लहानपणी रात्री रेडिओ सिलोन लावलं की गाणं मध्येच लांब जायचं, पोकळ व्हायचं, पुन्हा जवळ यायचं. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून खाली येतात, पण सगळ्या एकाच वाटेने येत नाहीत. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी रेडिओत भेटतात तेव्हा कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. फुमिओ मिएदा या जपानी अभियंत्याने मॉस्को रेडिओचा असाच हेलकावणारा आवाज ऐकला आणि १९६०च्या दशकात तसा परिणाम देणारं यंत्र तयार केलं. ते 'युनि-व्हाइब' या नावाने विकलं गेलं. १९६९ साली वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी ते होतं. पुढे १९७४मध्ये अमेरिकेतल्या एमएक्सआर कंपनीची 'फेज ९०' ही नारिंगी डबी आली. तिच्यावर एकच नॉब होता, वेगाचा.

भाच्याच्या डबीवर मात्र चार नॉब आहेत. ते मला समजावून सांगितले आमच्या गल्लीतल्या भाऊंनी. डबी मूळची त्यांचीच. पंधरा वर्षं त्यांनी गणपती-नवरात्रात गिटार वाजवली.

"भाई, रिक्षा बंद पडली आणि दोघांनी मागून एकदम ढकलली, तर ती पुढं जाते," भाऊ म्हणाले. "एकानं मागून आणि दुसऱ्यानं पुढून तेवढ्याच जोरानं ढकलली तर?"

"जागेवर राहील."

"झालं. हेच या डबीत चालतं."

डबीत आलेल्या सुराचे दोन भाग होतात. एक भाग जसाच्या तसा पुढे जातो. दुसरा काही टप्प्यांतून जातो. तिथे त्याचा जोर बदलत नाही, फक्त त्यातली कंपनं कमीजास्त मागे पडतात. चंद्राच्या कला आपण म्हणतो ना, तशी लहरीचीही कला असते. तिलाच इंग्रजीत फेज म्हणतात. शेवटी दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतात आणि जी कंपनं एकमेकांच्या नेमकी उलट पडतात, ती नाहीशी होतात. सुरात जणू खड्डे पडतात. चार टप्प्यांच्या डबीत असे दोन खड्डे, आठ टप्प्यांच्या डबीत चार. हे खड्डे सतत वर-खाली सरकत राहतात, म्हणून सूर फिरल्यासारखा वाटतो.

आता नॉब. पहिला 'रेट', म्हणजे खड्डे किती वेगाने सरकावेत ते. कमी ठेवला तर एका फेरीला काही सेकंद लागतात, संथ गाण्याला ते शोभतं. खूप वाढवला तर सूर पाण्यात बुडबुडल्यासारखा थरथरतो. दुसरा 'डेप्थ', म्हणजे खड्ड्यांनी किती लांबवर फिरावं ते. तिसरा 'फीडबॅक'. यात बाहेर पडणाऱ्या सुराचा थोडा अंश पुन्हा आत सोडला जातो, त्यामुळे आवाजाला धार येते. माइक स्पीकरसमोर धरला की कशी शिट्टी वाजते, ते मांडवात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. हा नॉब अती पिळला की तोच प्रकार होऊ लागतो.

चौथा 'मिक्स'. मूळ सूर किती आणि बदललेला किती, हे तो ठरवतो. मला वाटलं, पूर्ण बदललेलाच सूर ठेवला तर परिणाम सर्वांत जास्त होईल. भाऊंनी तसं करून दाखवलं. खड्डे गायब! उरली फक्त सुराची किंचित डुगडुग. कारण पुसायला समोर दुसरा सूरच राहिला नाही. दोन्ही निम्मे-निम्मे असतात तेव्हाच खड्डा सर्वांत खोल जातो.

नॉब आधी हाताने लावून ठेवायचे असतात. वाजवताना दोन्ही हात तारांवर गुंतलेले, म्हणून खटका तेवढा पायाशी दिला आहे. चुकून दाबला गेला तरी बिघडत नाही. पुन्हा दाबला की सूर पूर्ववत.

हे सांगून भाऊंनी डावा हात पुढे केला. त्याला दोन बोटं नाहीत. दिवसा ते भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये पॉवर प्रेस चालवायचे. तिथेही पायाशी पेडल होतं. हाताने पत्रा डायमध्ये सरकवायचा आणि पायाने पेडल दाबायचं. पाय मोकळा, हात आत. जुन्या पद्धतीच्या क्लचचा प्रेस एकदा सुटला की मध्येच थांबत नाही. रॅम पूर्ण खाली येऊनच वर जातो. त्या दिवशी हात निघायच्या आत पाय पडला. त्यानंतर गिटार सुटली आणि डबी भाच्याकडे आली.

यावर उपाय ठाऊक नाही असं नाही. १९४८च्या कारखाने कायद्यातच यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याबद्दल लिहिलेलं होतं. पेडलऐवजी दूर-दूर बसवलेली दोन बटणं लावतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय रॅम खाली येत नाही. हात बटणांवर असले की डायमध्ये नसतात, एवढं साधं गणित. पण माल लवकर निघावा म्हणून कुठेकुठे त्यातलं एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवतात. मग ती बटणं असून नसल्यासारखी.

भाचाही प्रेसवरच काम करतो. भाऊ दर रविवारी गच्चीवर येतात, वाकून चारही नॉब लावून देतात. मिक्स बरोबर मध्यावर. मग न चुकता विचारतात, "दोन्ही बटणं चालू आहेत ना रे? चिकटपट्टी नाही ना लावली कुणी?"

"नाही काका, दोन्ही चालू आहेत," भाचा सांगतो.

मग भाऊ म्हणतात, "हं, दाब आता." आणि तालीम सुरू होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)