गाणी नवी उतरवा, नावे जुनी जपा!
तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो हस्तलिखिते आहेत. तिथल्या संस्कृत पोथ्यांची आर्थर बर्नेल यांनी केलेली सूची १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. सूचीवाचून एवढ्या संग्रहातली पोथी असून नसल्यासारखीच!

घरच्या गाण्यांचेही तेच. एमपी३ करताना गाळलेला आवाज परत येत नाही. म्हणून काहीही न गाळणाऱ्या 'फ्लॅक' प्रकारासाठी सीडी पुन्हा उतरवावी लागते. मात्र राग, साथीदार, मैफलीचे साल ही आपण हाताने भरलेली माहिती, म्हणजे 'टॅग', सीडीवर नसते. ती जुन्या फाइलींतून नव्या फाइलींत घ्या. आधी गाण्यांचा क्रम व लांबी ताडून पाहा, नाहीतर भैरवीला यमनाचे नाव चिकटेल! खात्री होईपर्यंत जुन्या फाइली पुसू नका. सूर पुन्हा उतरवता येतील. पण साथीला तबल्यावर कोण होते, हे सांगणारे आजोबा पुन्हा कुठून आणणार?