सुलट, उलट आणि पीळ : खानदेशातलं लोकरीचं विणकाम

शेतीपंपाला वीज रात्रीची असली की पौषातल्या मध्यरात्री गव्हाला नाहीतर केळीला पाणी भरायला माणूस निघतो, तेव्हा त्याच्या अंगावर काय काय असतं ते बघावं. स्वेटर असेल-नसेल, खांद्यावर घोंगडी असेल-नसेल, मफलर मात्र असतोच. आणि तो गळ्यात नसतो. डोक्यावरून घेऊन, कान झाकून, हनुवटीखाली गाठ मारलेली असते. पहाटे दूध घालायला निघालेल्याचं, भुसावळच्या फलाटावर पहिल्या गाडीची वाट बघणाऱ्याचंही तेच. उरलेल्या महाराष्ट्राला जळगाव म्हटलं की मे महिन्यातला ४५ अंशांपुढचा पारा आठवतो. इथल्या माणसाला हिवाळाही तितकाच ठाऊक असतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, मधे तापीचं उघडं खोरं. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. केळीसुद्धा या थंडीत आखडते, म्हणून रावेर-यावलकडे घडांना पिशव्या चढवतात.

पण ही थंडी अर्ध्या दिवसाची. सकाळी दहाला ऊन चढलं की अंगावरचा स्वेटर टोचायला लागतो, आणि तो काढून ठेवणार कुठे? मफलर काढून सायकलच्या हँडलला गुंडाळता येतो. खानदेशात हातानं विणलेल्या लोकरीच्या वस्तूंत बाळाचं टोपडं आणि मोजे पहिले, त्याखालोखाल मफलर, आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर बराच मागे, हा क्रम मला हवामानाशी चोख जुळणारा वाटतो. दिवाळीचा फराळ संपल्यावर सुयांवर टाके घातले तर संक्रांतीच्या आत हातावेगळी होते अशी हीच एक मोठ्या माणसाची वस्तू.

या विणकामाचा आढावा घ्यायचा तर अडचण पहिल्याच पायरीवर येते. खानदेशातल्या धाग्याचा इतिहास नोंदींनी भरलेला आहे, फक्त त्यात हे काम नाही. कोष्टी, साळी, रंगारी, धनगर यांची दखल इंग्रजांच्या काळापासून सरकारी कागदात आहे. धुळ्याच्या यंत्रमागांवर राबणाऱ्या मोमीन विणकरांचीही आहे. या प्रत्येकामागे एक समाज आहे, बाजार आहे, सावकार आहे, म्हणून कागद आहे. दोन सुयांवर विणणाऱ्या बाईला यातलं काहीच नव्हतं. हे काम कुठल्या जातीचं नाही, ते बहुधा विकलं जात नाही, त्याची सोसायटी नाही. ज्याला किंमत लागत नाही त्याची नोंद होत नाही, एवढा साधा हा हिशेब. (खानदेशात विणण्याचा विषय निघाला की कुणीतरी बहिणाबाई चौधरींच्या कवितेतला सुगरणीचा खोपा काढतंच. पाखराची दखल घेतली गेली, तीही आसोद्याच्या लेकीकडून, हे आपलं भाग्य. माणसांची राहिली.)

इथे मेंढ्या आहेत, मग लोकर बाहेरून का, असा प्रश्न साहजिक आहे. साक्री तालुक्यातले ठेलारी दरवर्षी कळप घेऊन चराईच्या वाटेला लागतात. चाळीसगावजवळ बिलाखेडला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. पण दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि केसाळ. तिचा धागा मागावर ताणून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी करायला उत्तम. पाऊस अंगावरून निथळून जातो आणि ती पिढीभर टिकते. गळ्याशी आणि गालाशी मात्र ती सोसवत नाही. शिवाय घोंगडीचं विणणं वेगळ्या जातीचं. तिथे उभे-आडवे दोन धागे लागतात. सुयांवर एकच धागा स्वतःच्याच फासातून पुढे जातो, म्हणून कापड ताणतं आणि सोडल्यावर परत येतं. आखूड तंतूच्या राठ लोकरीला हे जमत नाही. घोंगड्याला आता गिऱ्हाईक उरलं नाही, आणि कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही अशी मेंढपाळांची तक्रार जागोजागी ऐकू येते.

दुसरा धागा कापसाचा, आणि तो तर इथला राजा. जळगावात मुळजी जेठांची खानदेश मिल १८७० च्या दशकात उभी राहिली. अमळनेरला प्रताप शेठजींची प्रताप मिल विसाव्या शतकाच्या आरंभी आली, धुळ्याला न्यू प्रताप मिल. मग सूतकताई आली आणि धाग्याला राजकारण चिकटलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. त्या काळात टकळी फिरवणं हे व्रत होतं. जळगावच्या जैन हिल्सवरच्या गांधीतीर्थात आज चरखा मानानं मांडलेला आहे. सुया कुणी मांडलेल्या नाहीत, कारण त्या पलीकडच्या बाजूने आल्या: मडमांच्या हातातून, मिशनच्या मुलींच्या शाळांतून, रेल्वेच्या वसाहतींतून. १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि भुसावळचं गाव जंक्शन झालं. शतकाच्या अखेरीस अमेरिकन मिशनरी खानदेशात स्थिरावले. सुलट-उलट टाके इथल्या घरांत शिरले ते याच वाटांनी, असं मला वाटतं. पुढचं काम शेजारणी-शेजारणींनी केलं.

देशाच्या नावानंही सुया चालल्या, आणि मोठ्या प्रमाणावर. १९६२ च्या चिनी आक्रमणात हिमालयात लढणाऱ्या जवानांसाठी स्वेटर, मफलर, हातमोजे विणायची लाट देशभर उसळली. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते, त्यामुळे महाराष्ट्रात त्या लाटेला घरगुती अभिमानाची जोड मिळाली. आज ऐंशीच्या घरात असलेल्या कितीतरी बायकांचा पहिला मफलर त्या हिवाळ्यातला, फौजी हिरव्या रंगाचा. नक्षी अर्थातच नाही. सलग सुलट टाके, आणि घाई.

नक्षीत वरचं पान वेणीचं, म्हणजे ज्याला आता पोरी केबल म्हणतात त्याचं. बघणाऱ्याला ती अवघड वाटते आणि विणणारी त्याचा फायदा घेते. प्रत्यक्षात त्यात नवा टाका एकही नाही. सुलट आणि उलट, एवढंच. फक्त ठरावीक ओळीला काही टाक्यांनी आपली जागा बदलायची.

मफलरचं साधं माप घेऊ. ८ नंबरच्या सुया, मध्यम जाडीची लोकर, ४२ टाके. दोन्ही काठांना ४-४ टाके दर ओळीला सुलट, म्हणजे काठ वळत नाही. मधल्या ३४ टाक्यांत २ उलट, ६ सुलट असं चार वेळा आणि शेवटी २ उलट. ते ६ सुलट म्हणजे वेणीची जागा. सात ओळी सरळ विणायच्या. आठव्या ओळीला ६ मधले पहिले ३ टाके न विणता जादा सुईवर घ्यायचे, पुढचे ३ आधी विणायचे, मग जादा सुईवरचे ३. ती सुई कामाच्या पुढे ठेवली तर पीळ डावीकडे झुकतो, मागे ठेवली तर उजवीकडे. शेजारचे दोन उलट टाके खाली दबतात, म्हणून पीळ उठून दिसतो. उलट टाक्यांची ती चर वगळली की वेणी सपाट पडते. नवशिक्या नेमकी तीच वगळतात.

असा दीड मीटर मफलर म्हणजे साधारण १८ हजार टाके आणि चार वेण्या मिळून दोनशेच्या वर पीळ. साध्या विणीत १९ सेंटिमीटर भरणारी पट्टी पिळांमुळे १५-१६ वर येते, म्हणून रुंदी आधीच वाढवून धरायची आणि लोकरीचा एक गुंडा जास्त आणायचा. एकाच दिशेचा पीळ दिला तर होते ती खरं तर दोन पदरी दोरी. शाळेत जाणाऱ्या पोरीची तिपेडी वेणी हवी तर ९ टाके लागतात, आणि पीळ एकदा उजव्या जोडीला पुढून, चार ओळींनी डाव्या जोडीला मागून, असा आलटून-पालटून. जादा सुई म्हणून बाजारात वाकडी आखूड सुई मिळते, पण आकडा, काडी, सायकलच्या तारेचा घासलेला तुकडा, काहीही चालतं. सायकलच्या तारांवर अख्खे स्वेटर झालेले आहेत. वीस ओळींपूर्वीचा एखादा पीळ उलट्या दिशेला पडलेला दिसला तर सगळं उसवायचं कारण नाही. तेवढे ६ टाके खालपर्यंत सोडावेत, जागा बदलावी आणि क्रोशाच्या सुईनं एकेक ओळ वर चढवावी. हे ज्या बाईला येतं तिला वाड्यात वेगळा मान असे.

मफलरची एक खास अडचण म्हणजे त्याला अस्तर नाही. उलटी बाजू दिसतेच. जाणत्या बायका वेणीचे टाके १ सुलट, १ उलट असे धरतात आणि वेणी १२ टाक्यांची करतात. मग पीळ दोन्हीकडून सारखाच दिसतो.

या नक्षीची कीर्ती जिथून जगभर गेली ती आयर्लंडच्या पश्चिमेची अरन बेटं. प्रत्येक कोळी घराण्याची वीण वेगळी, बुडालेला माणूस स्वेटरवरून ओळखत, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. ती बहुतांशी रचलेली आहे. जे. एम. सिंग यांच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या एका एकांकिकेत बुडालेल्या भावाची ओळख पायमोज्याच्या टाक्यांवरून पटते. पुढे १९३० च्या दशकात हाइन्ट्स कीवे या ऑक्सफर्डच्या व्यापाऱ्याने या विणींना प्राचीन धर्मग्रंथांतल्या वेलबुट्ट्यांशी जोडून दिलं, आणि दंतकथेला माल मिळाला. प्रत्यक्षात वेण्यांचा तो पांढरा स्वेटर विसाव्या शतकाच्या आरंभीचा, आणि बराचसा विक्रीसाठी विणलेला. म्हणजे पूर्वजांच्या परंपरेचा बडेजाव ज्यांनी मिरवला त्यांची परंपरा भुसावळच्या जंक्शनाहून धाकटी. आपल्याकडच्या बायकांनी असली कहाणी रचली नाही. रचली असती तर एखादं संग्रहालय नक्की निघालं असतं.

आजचं चित्र थोडक्यात सांगण्यासारखं आहे. दिवाळीनंतर जळगाव-धुळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात, माल लुधियानाचा. संगणकी यंत्रं वेण्या काही मिनिटांत पाडतात, आणि तयार मफलर हातविणीच्या नुसत्या लोकरीपेक्षा स्वस्त पडतो. जळगावात फुले मार्केटच्या आसपास किंवा धुळ्यात पाचकंदीलकडे लेस-दोरे-बटणांच्या दुकानात लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक. ती धुवायला सोपी, पण तिला गरम इस्त्री लावली की वेणी कायमची चपटी होते. कॉलेजच्या मुली विणतात, पण क्रोशावर: पिशव्या, फुलं, बाहुल्या, ऑर्डर घेऊन. त्यांच्या कामाला किंमत लागते हे मला चांगलंच वाटतं. आणि खानदेशचा कापूस? तो गाठी बांधून गुजरात-तामिळनाडूच्या गिरण्यांत जातो आणि बनियन होऊन परत येतो. तेही सुलट टाक्याचंच कापड. पंपावर निघालेल्या त्या माणसाच्या सदऱ्याखाली असतं.

नोंद करायचीच तर अजून वेळ गेलेली नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावानं धुळ्यात १९२७ पासून संशोधन मंडळ उभं आहे. जुना कागद जपायची सवय या मातीला आहे. विणकामाचे कागद म्हणजे बायकांच्या वह्या आणि त्यांना टाचलेल्या नमुन्याच्या पट्ट्या. त्या लग्नाच्या ट्रंकांत आणि माळ्यावरच्या पिशव्यांत पडून आहेत. त्या वाचणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लोकर औंसात लिहिलेली असते. ८ औंस म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम. आणि सुयांचे नंबर जुने विलायती आहेत, आकडा मोठा तशी सुई बारीक. त्यातली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि ६ नंबरची ५ मिलिमीटरची, तर अमेरिकन नमुन्यातली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. हे न बघता विणायला बसलं तर मफलरची शाल होते.