‘सटायव्हा’ या नावामागील विसंगती

लिनियसने १७५३ मध्ये युरोपात धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेस ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिले. भारतातून आलेल्या मादक वनस्पतीस लामार्कने १७८५ मध्ये ‘इंडिका’ म्हटले. आजचा बाजार मात्र उंच, अरुंद पानांच्या, उशिरा फुलणाऱ्या या भारतीय वळणाच्या वाणांनाच ‘सटायव्हाप्रधान’ संबोधतो. नाव जणू उलटेच झाले! सटायव्हाने तरतरी व इंडिकाने सुस्ती येते, हा समजही निराधार ठरतो. परिणाम अवलंबून असतो तो टीएचसी व सीबीडी यांचे प्रमाण, मात्रा आणि सेवन करणाऱ्याची प्रकृती यांवर; अधिक मात्रेत भय व हृदयगती वाढते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमानुसार विनापरवाना लागवड हा गुन्हा आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. वाणाच्या नावास तेथे स्थान नाही.